कपाट क्रमांक ११७ गच्चीवरून न हलवण्याबाबत

सोबत जोडले आहे:
(ही यादी शेवटी लावली की टाचणी सुटते आणि कागद हरवतात, असा पूर्वानुभव असल्याने ती आधीच लावली आहे.)

१. रजईचा फोटो. रजई ओली आहे.
२. त्याच रजईचा फोटो. रजई वाळली आहे.
३. तेरा नंबरचा पाना, एक नग. पाहून परत मिळावा.
५. सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर ताईच्या हातचे अक्षर.
६. गौरवपत्र, चौकटीसह. हे परत नको.
७. फरशीचा तुकडा, अंगठ्याएवढा. हा फक्त नमुना आहे. मूळ तुकडे जागेवर आहेत, त्यांना हात लावू नये.
८. पुठ्ठ्याचे मोठे खोके, ज्यात अर्जदाराचे डोके होते.

(अनुक्रमांक ४ शेवटी आहे.)

प्रति,
माननीय भांडार व निर्लेखन अधिकारी,
मध्यवर्ती कार्यालय, तिसरा मजला,
लिफ्टसमोरची खोली (लिफ्ट बंद असल्यास, म्हणजे नेहमीच, जिन्याच्या उजवीकडची).

विषय: गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यातील पोलादी कपाट क्र. ११७ हे भंगार नसून चालू यंत्रसामग्री असल्याने ते गुरुवारी न हलवण्याबाबत, न उघडण्याबाबत आणि शक्य झाल्यास त्याच्यासमोर उभे न राहण्याबाबत.

संदर्भ:
१) आपली नोटीस, 'गच्चीवरील निरुपयोगी वस्तू गुरुवारी सकाळी अकरा वाजता उघडून, तपासून उचलून नेणे'.
२) अर्जदाराचे खांबासाठीचे चार अर्ज.
३) पहारेकरीमामांचे जिन्यातले तोंडी मत: "तू मेलास आता."

महोदय,

हा अर्ज लांब आहे. चूक लहान आहे, पण लहान चूक समजावून सांगायला जागा जास्त लागते. मोठ्या चुका एका ओळीच्या आदेशात बसतात, हे आपणास सांगायला नको.

१. अर्जदार हा आपल्याच कार्यालयात तळमजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्रामागे बसणारा वायरलेस तंत्रज्ञ आहे. आपण त्यास ओळखत नसाल. ओळखण्याची वेळ आली नाही, याचा अर्थ त्याचे काम बरे चालले होते. त्याचे काम एवढेच की एका गच्चीवर एक डिश लावायची, लांब दुसऱ्या गच्चीवर दुसरी लावायची आणि दोघींना एकमेकींच्या डोळ्यात डोळे घालून बसवायचे. मध्ये वायर नसते. त्या नीट बसल्या की लॅपटॉपवर एक आकडा दिसतो. हा आकडा नेहमी वजा असतो, त्यामुळे लेखा विभागाचे लोक तो पाहून घाबरतात. पण वजा पन्नास म्हणजे मजा आणि वजा ऐंशी म्हणजे बोंब, एवढे लक्षात ठेवले की पुढचा अर्ज समजतो. डिश बोटभर फिरली तरी पलीकडे शेतेच्या शेते सरकतात. म्हणून हे काम हातोड्याने करायचे नाही, नखाने करायचे आहे. अर्जदार ते एकोणीस वर्षे करत आहे आणि त्याच्या हातून एकही डिश चुकीच्या दिशेला लागलेली नाही, असे तो मागच्या महिन्यापर्यंत लोकांना सांगत असे.

२. आपल्या इमारतीपासून साडेअकरा किलोमीटरवर, दरीपलीकडे डोंगराच्या कुशीत आरोग्य उपकेंद्र आहे. दोन खोल्या, एक खाट, एक ईसीजीचे यंत्र आणि अर्जदाराची थोरली बहीण. ती तिथली परिचारिका. सगळा डोंगर तिला ताई म्हणतो, म्हणून या अर्जातही ती ताईच आहे. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. कोणाच्या छातीत दुखू लागले की ताई ईसीजी काढायची, कागदाची सुरळी करायची आणि बसच्या ड्रायव्हरकडे द्यायची. ड्रायव्हर ती आरशामागे खोचून आपल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर मोठ्या डॉक्टरांकडे पोचवायचा. बस दिवसातून दोनदा. माणसाचे हृदय बसच्या वेळापत्रकाने चालत नाही, हे ताईने आपल्या कार्यालयाला तीन वर्षे लिहून कळवले. चौथ्या वर्षी लिंक, म्हणजे अशा दोन डिशांची जोडी, मंजूर झाली.

३. लिंक बांधण्याचा दिवस चौदा महिन्यांपूर्वीचा. पलीकडच्या बाजूला जाणारा अर्जदाराचा जोडीदार ऐन वेळी पाठ धरून घरी बसला. मग पलीकडे ताईच शिडी लावून पत्र्यावर चढली. कंबरेला पदर खोचलेला, एका हातात तेरा नंबरचा पाना, दुसऱ्या हातात फोन. त्या सकाळी धुके असे होते की डोंगर कुठे आहे हे खुद्द डोंगरालाही सांगता आले नसते. त्यात वरून ऊन. धुक्यातले ऊन स्क्रीनवर पडले की आकडा दिसत नाही, म्हणून या धंद्यातले सगळे लोक लॅपटॉप पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतात, आपले डोकेही त्याच खोक्यात घालतात आणि हात बाहेर काढून डिश फिरवतात. बाहेरून हे बरे दिसत नाही. आतूनही काही दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. महोदय, या सगळ्या प्रकरणाचे मूळ इथे आहे.

फोनवरचे संभाषण अर्जदाराला आठवते तसे देत आहे. ताई म्हणाली, "बोल लवकर. नऊला दवाखाना उघडायचाय, आणि इथे पत्रा तापायला लागलाय." अर्जदार म्हणाला, "तू हलू नकोस, मी फिरवतो." ती म्हणाली, "मी हलले तर खालीच जाईन, हलतेय कशाला?" अर्जदाराने डिश फिरवली. वजा चौऱ्याहत्तर. आणखी फिरवली. काही नाही. आणखी. काही नाही. मग त्याने चिडून ती फिरवतच नेली, आणि अचानक वजा त्रेपन्न! खोक्यातल्या खोक्यात त्याने नाच केला. "ताई, आता तुझी. डावीकडे घे. थोडं. अजून थोडं. नको नको, मागे." ताई म्हणाली, "मागे म्हणजे तुझ्या मागे की माझ्या मागे? लहानपणी पतंगाच्या वेळीही तू हेच करायचास." शेवटी वजा एक्कावन्न झाले. या धंद्याचा नियम असा की आकडा जिथे सगळ्यात चांगला, तिथे बोल्ट आवळायचा. नियमात 'आणि एकदा मान वर करून बघायचे' असे लिहिलेले नाही. कारण ते कोणालाही लिहावेसे वाटले नाही.

अर्जदाराने बोल्ट आवळला. चाचणी म्हणून पलीकडून एक ईसीजी पाठवण्यात आला. तो पोचला (अनुक्रमांक ४). अर्जदार खोक्यातून बाहेर आला तेव्हा चारही दिशांना पांढरे होते. डिश ज्या बाजूला बघत होती, त्या बाजूला डोंगर असणार, असे त्याने गृहीत धरले. समोर एक जुने कपाट उभे होते. पण कार्यालयाच्या गच्चीवर कपाट असतेच. ते मध्ये येते आहे असेही वाटले नाही, कारण आकडा उत्तम होता. मध्ये काही येत असते तर आकडा उत्तम कसा असता?

४. त्यानंतर वर्षभर त्या गच्चीवर अर्जदार फिरकला नाही. बंद पडलेल्या लिंकसाठी माणूस पावसातही टॉवर चढतो, चालणाऱ्या लिंकसाठी चार जिने चढत नाही. ही लिंक तर विभागातली सर्वांत चांगली ठरली. ईसीजी चाळीस सेकंदांत पोचू लागला. ज्याच्या आरशामागे वर्षानुवर्षे लोकांची हृदये खोचली गेली, तो बसचा ड्रायव्हरच तिसऱ्या महिन्यात छाती धरून ताईच्या पायरीवर बसला. ताईने ईसीजी पाठवला, मोठ्या डॉक्टरांनी पाहिला, द्यायची गोळी फोनवर ठरली, गाडी निघाली. आता तो पुन्हा बस चालवतो आणि उपकेंद्रावरून जाताना हॉर्न वाजवतो. ताई आतून ओरडते, "वाजवू नको रे मेल्या, बाळं उठतात!"

याच काळात अर्जदाराला आपल्या सहीचे गौरवपत्र मिळाले. त्यावर 'अचूक नेमाबद्दल' असे छापले आहे. शेजारच्या विभागाची मंडळी ही लिंक अभ्यासायला आली. त्यांनी स्क्रीनचे फोटो काढले, चहा घेतला आणि गेली. गच्चीवर कोणी गेले नाही. तेही तंत्रज्ञच होते.

५. मग लिंक पडू लागली. रोज नव्हे, मधूनच. तासन् तास जायची आणि आपोआप परत यायची. अर्जदाराने केबल बदलली, रेडिओ बदलला, सॉफ्टवेअर बदलले, एकदा घाबरून स्वतःची खुर्चीही बदलली. विमानतळाच्या रडारवर संशय घेतला. कबुतरांवर घेतला. सूर्यावरील डागांवर घेतला आणि तसा तीन पानी अहवाल दिला, ज्यावर आपण 'सूर्याशी पत्रव्यवहार करावा' असा शेरा मारला नाही, हे आपले मोठेपण. मोठे डॉक्टर मात्र मोठेपणा दाखवत नव्हते. "तुझी लिंक आहे की लहर?" असे त्यांनी पूर्ण ओपीडीसमोर विचारले.

दोष शोधला ताईने. तिने सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लिंक पडण्याच्या वेळा लिहिल्या आणि पुठ्ठा बसने पाठवून दिला, कारण लिंक पडली होती. मूळ पुठ्ठा सोबत जोडला आहे. खाली तिने लिहिले आहे: 'मंगळवार आणि शुक्रवार. नऊ ते एक. एवढा नियम यंत्राला नसतो. तुझ्या बाजूला कोणीतरी माणूस हे करतोय, आणि तो वेळेवर येतो, म्हणजे तुमच्या कार्यालयातला नाही. वर जाऊन बघ, गाढवा.'

६. अर्जदार शुक्रवारी दहा वाजता वर गेला. गच्चीवरच्या खोलीत पहारेकरीमामा आणि मामी राहतात. मामींची रजई कपाटाच्या दारांवर वरून खालपर्यंत वाळत टाकली होती, आणि तिच्यातून पाणी टपकत होते. अर्जदाराने सहज म्हणून ती बाजूला केली. खालून झेरॉक्सवाल्याने हाक मारली, "आली रे!" अर्जदाराने रजई परत टाकली. "गेली रे!" काढली. "आली!" टाकली. "अरे काय खेळतोस का?" पाचव्या वेळी मामी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "रजई वाळवायला आता तुझी परवानगी लागते का रे?"

अर्जदार डिशमागे जाऊन उभा राहिला, आणि एकोणीस वर्षांत प्रथमच त्याने डिश बघते तिकडे बघितले. ती कपाटाकडे बघत होती. आकाश स्वच्छ होते. डोंगर अर्जदाराच्या पाठीमागे होता.

महोदय, डिशची पाठ डोंगराकडे आहे. ती पहिल्या दिवसापासून डोंगराकडे आहे. डिश नऊ मीटरवरच्या कपाटावर नेम धरून बसली आहे, आणि कपाटाची सपाट पोलादी दारे आरशासारखी तो किरण उलट परतवून, पाण्याच्या टाकीच्या बाजूने काढून, थेट दरीपलीकडे ताईच्या पत्र्यावर पोचवत आहेत. डोंगर आपल्या गच्चीपेक्षा थोडा उंच, तर कपाटाच्या पुढच्या दोन पायांखाली कोणीतरी कधीकाळी फरशीचे दोन तुकडे सरकवले आहेत, त्याने कपाट नेमके तेवढेच मागे रेलले आहे. हे कोणी केले माहीत नाही. बहुधा कपाट डगडगत होते. अर्जदार गणिते करून, दुर्बीण लावून, एकोणीस वर्षांचा अनुभव पणाला लावूनही असा कोन साधू शकला नसता.

तो गच्चीवर खाली बसला. मामींनी पाणी आणून दिले आणि म्हणाल्या, "मला वाटलं, कपाटावर लक्ष ठेवायला लावलंय ते. चोरीबिरी होईल म्हणून." त्या वर्षभर त्या डिशसमोर केसही विंचरत नव्हत्या, कॅमेरा असेल म्हणून.

रजई तिथे का आली, हेही इथे नोंदवणे भाग आहे. मामी आधी दोरीवर कपडे वाळवत. 'गच्चीवर दोऱ्या बांधून कार्यालयाची शोभा घालवू नये' हा आदेश निघाल्यावर दोरी निघाली आणि रजई कपाटावर आली. आदेशावर सही कोणाची होती, ते अर्जदार लिहीत नाही.

७. (हा परिच्छेद अर्जदाराच्या पत्नीने खोडला आहे. त्यात आपल्याविषयी होते.)

८. आता कोणीही म्हणेल, डिश सरळ डोंगराकडे फिरव आणि गप्प बस. अर्जदारानेही तेच ठरवले होते. पण डिश आणि डोंगर यांच्यामध्ये जिन्याची खोली आहे, तिच्यावर टाकी आहे, आणि टाकीत आपल्या मजल्याचे पाणी आहे. पहिल्या दिवशी दिसलेला वजा चौऱ्याहत्तर हा टाकीतून गाळून आलेला सिग्नल होता. टाकीच्या वर जायला सहा मीटरचा खांब हवा. त्यासाठी अर्जदाराने चार अर्ज केले. पहिल्याचे उत्तर आले: खांब कशासाठी? दुसऱ्याचे: लिंक चालू असताना खांब कशासाठी? तिसऱ्याचे: खांब मंजूर, परंतु गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची हमी शिल्लक असल्याने भोक नामंजूर. चौथ्या अर्जावर आपण थोर मनाने जागेच्या पाहणीला माणूस पाठवलात. तो खांबाच्या जागेकडे गेलाच नाही. त्याने विचारले, "डिश कुठे लावलीय?" अर्जदार म्हणाला, "डोंगराकडे." हे खरे होते, जरा वळसा घेऊन. मग त्याची नजर कपाटावर गेली. "अरे! हे इथे काय करतंय?"

अर्जदाराने त्या क्षणी खरे सांगायला हवे होते. त्याच्या खिशात गौरवपत्राची झेरॉक्स होती आणि तोंडात एकोणीस वर्षांची बढाई होती. त्याने सांगितले, "पडून आहे." या दोन शब्दांमुळे संदर्भ क्र. १ची नोटीस निघाली. तेव्हा कपाट मोडीत काढण्याची शिफारस अर्जदाराचीच आहे, हेही आपण नोंदवून घ्यावे.

९. नोटिशीप्रमाणे कपाट आधी उघडायचे आहे. किल्ली नाही, म्हणून गॅस कटर येणार आहे. आत काय आहे हे कोणालाच माहीत नाही. हलवले की आत काहीतरी एकदाच वाजते आणि गप्प होते. आपणास उत्सुकता असणे स्वाभाविक आहे. पण आरसा एक अंश फिरला की किरण दोन अंश फिरतो, आणि साडेअकरा किलोमीटरवर दोन अंश म्हणजे चारशे मीटर. ताईच्या उपकेंद्रापासून चारशे मीटरवर एक विहीर आहे. विहिरीत ईसीजीचे यंत्र नसते.

दुसरा पत्रा उभा करावा, तर बांधकाम विभाग म्हणतो, उभा पत्रा म्हणजे भिंत, त्याला नकाशा लागतो. तेच कपाट नंतर परत आणून ठेवावे, तर भांडार विभाग म्हणतो, एकदा मोडीत निघालेली वस्तू परत आली तर तिला 'देणगी' म्हणावे लागेल, देणगीदार कोण? अर्जदार स्वतःच देणगीदार व्हायला तयार होता. तेव्हा त्याला सांगण्यात आले की कर्मचाऱ्याकडून कपाट घेणे हे लाच या सदरात मोडू शकते.

उरला एक मार्ग: कपाट गेल्यावर कुठल्या तरी दुसऱ्या कोपऱ्यातून, दुसऱ्या कोनातून, दोन्ही बाजूंनी अलाइनमेंट पुन्हा पहिल्यापासून करणे. त्याला पलीकडे पत्र्यावर असा माणूस लागतो, जो डावीकडे म्हटल्यावर डावीकडे घेईल, थांब म्हटल्यावर थांबेल आणि शिव्या देतानाही पाना सोडणार नाही. असा माणूस अर्जदाराच्या आयुष्यात एकच आहे, आणि त्या दिवसानंतर ताई शिडी चढलेली नाही. चढणारही नाही. कारणाचा या अर्जाच्या विषयाशी संबंध नाही. जोडीदाराची पाठ अजून धरलेलीच आहे.

१०. सबब अर्जदाराची पुढील प्रार्थना आहे.

जडवस्तू संग्रह नोंदवहीत कपाट क्र. ११७ हे 'फर्निचर' या सदरातून काढून 'नेटवर्क' या सदरात घ्यावे. नाव काहीही द्यावे. 'परावर्तक, पोलादी, दोन दारी, कुलूपबंद' हे नाव अर्जदाराने सुचवले आहे, पण मामा म्हणतात, "कपाट म्हणा की, त्याला काय वाईट वाटतंय?"

फरशीच्या दोन्ही तुकड्यांना स्वतंत्र क्रमांक द्यावेत.

डिश आणि कपाट यांच्यामध्ये कार्यालयीन वेळेत कोणी उभे राहू नये. माणसात पाणी असते; या बाबतीत माणूस आणि ओली रजई यांत फरक नाही. आपण स्वतः पाहणीस आलात तर कृपया कपाटाच्या मागून यावे.

मामींना एक दोरी मंजूर करावी. सध्या अर्जदाराने टाकीमागे गुपचूप बांधून दिली आहे, ती आपल्या आदेशाचा भंग आहे आणि ती उत्तम ताणली आहे. कपाट कोरड्या फडक्याने पुसण्याचे काम मामींनी आपण होऊन सुरू केले आहे. "एवढ्या लोकांचं काळीज जातं त्याच्यावरून, धूळ बरी दिसत नाही," असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या कामाची कुठेतरी नोंद व्हावी.

गौरवपत्र परत घ्यावे. त्यावरचे नाव खोडून कपाटाचा क्रमांक घातल्यास मजकुरात दुसरा बदल करावा लागणार नाही.

अर्जदारावर कारवाई करायचीच असेल, आणि करायला हरकत नाही, तर ती खांब उभा राहून, डिश टाकीच्या वर चढून आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी डोंगर पाहिल्यानंतर करावी. तोवर त्याला गच्चीवर जाण्याची मुभा असावी. एकोणीस वर्षे खोक्यात डोके घालून काढली, आता त्याला थोडा वेळ मान वर करून उभे राहायचे आहे.

११. वरील विनंती मान्य न झाल्यास गुरुवारी सकाळी साडेदहापासून अर्जदार उपोषणाला बसेल. कपाटासमोर बसला तर लिंक पडते, म्हणून तो कपाटामागे बसेल. तिथून तो कोणाला दिसणार नाही, याची त्याला कल्पना आहे. उपोषणाचे निवेदन मामांकडे ठेवले आहे. कोणी विचारले तर ते बोटाने कोपरा दाखवतील. मामांनी एवढेच विचारले, "आणि गॅस कटरवाला आला तर?" अर्जदार म्हणाला, "त्याला हा अर्ज वाचायला द्या." मामा म्हणाले, "म्हणजे संध्याकाळपर्यंत निवांत."

१२. ताईला हे सारे काल फोनवर सांगितले. ती आधी पाच मिनिटे हसली. मग म्हणाली, "म्हणजे चौदा महिने मी तुमच्या कपाटाशी बोलत होते होय? तरीच म्हटलं, कोणी मध्येच तोडत कसं नाही." मग म्हणाली, "तुझ्या साहेबांना लिही की आज सकाळपासून तीन गेले आणि तिन्ही पोचले. बाकी काही लिहू नकोस. तू लिहायला बसलास की पाल्हाळ लावतोस."

म्हणून तेही इथे लिहिले आहे.

आपला, गुरुवारपर्यंत कामावर असलेला,
अर्जदार
(सही. कपाटाच्या बाजूला टेकून केल्याने तिरकी आली आहे.)

दिनांक: मंगळवार. रजई टाकीमागे वाळत आहे. लिंक चालू, वजा एक्कावन्न.

४. लिंक सुरू झाली त्या सकाळी चाचणीसाठी आलेल्या पहिल्या ईसीजीची प्रत. दवाखाना उघडायचा होता, रुग्ण कोणी नव्हते, म्हणून पत्र्यावरून उतरून ताईने तो स्वतःचाच काढून पाठवला होता. मोठ्या डॉक्टरांचा फोन तिला सातव्या मिनिटाला गेला: शिडीला पुन्हा हात लावायचा नाही.